नोकरनाम्यात नसलेली

माझा काका मौद्याच्या रस्त्यावर ट्रकखाली गेला आणि वर्षाच्या आत देशी दारूच्या दुकानाचा परवाना काकूच्या नावावर झाला. बाबांना वाटलं होतं तो त्यांच्या नावावर होईल. ते मोठे भाऊ, दुकानाचं बांधकाम त्यांनी उन्हात उभं राहून करून घेतलेलं, काका असतानाही सकाळी शटर उघडायला तेच जायचे. पण कागदावर काका एकटाच होता, मूलबाळ नव्हतं, आणि वारस म्हणजे त्याची बायको. कलेक्टर ऑफिसातून आलेला तो कागद बाबांनी दोनदा वाचला, घडी घालून काकूच्या हातात दिला आणि जेवायला बसले. त्या दिवशी वडाभात होता. वडाभातावर कढवलेलं तेल ते नेहमी मागून घ्यायचे. त्या दिवशी मागितलं नाही. आईने न विचारताच वाढलं, तर ताट सरकवून उठले. आई कितीतरी वेळ ती तेलाची वाटी हातात धरून बसली होती. मग तिने स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या काकूकडे पाहिलं आणि म्हणाली, "झालं तुह्यं समाधान?"

आमचं घर नागपुरातल्या एका जुन्या वस्तीत होतं. इकडे दोन खोल्या आमच्या, तिकडे दोन काकाच्या, मधे एकच स्वयंपाकघर. दुकान घरापासून पन्नास पावलांवर, गल्लीच्या तोंडाशी. ट्रकमधून बाटल्यांचे क्रेट उतरायला लागले की तो काचांचा आवाज घरात येई, आणि मी त्या आवाजातच गणितं सोडवली, निबंध पाठ केले. उन्हाळ्यात कूलरची घरघर सुरू झाली की क्रेटचे आवाज बुडून जात, म्हणून मला उन्हाळा आवडायचा. शाळेत मला 'भट्टीवाली' म्हणायचे. भट्टी आमच्याकडे नव्हती, दुकान सरकारमान्य होतं, पण हे कोणाला समजावून सांगणार? आमच्याकडे हळदीकुंकवाला बायका येत, वाण घेत, आणि खायला ठेवलेलं तसंच ठेवून जात. काकू मात्र त्या ताटातल्या पाटवड्या मला आणून देई. "खाय वं शालू. त्याइनं नाही खाल्लं तं आपल्यालेच जास्त," असं म्हणून हसायची.

काकूचं नाव कमल. माहेर मौद्याकडचं, शेती करणारं घर. शिक्षण सातवीपर्यंत. काका जिवंत असताना तिने दुकानाची पायरी चढलेली मला आठवत नाही. परवाना नावावर झाल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती ही की, परवान्यासोबत आलेले अटींचे कागद घेऊन ती माझ्याकडे आली. मी तेव्हा सतरा वर्षांची होते, अकरावीत, आणि वाचलेलं सगळं मला कळतं असा माझा समज होता.

"मले हे समजावून सांग," ती म्हणाली. "सही माही आहे. उद्या साहेब आला तं भाऊजीच्या तोंडाकडे पाहत नाही बसाचं मले."

तीन दुपारी आम्ही त्या कागदांवर बसलो. ती भाषा मराठीच होती, पण तिचं तोंड कुठे नि शेपूट कुठे हे कळत नसे. एक अट अशी होती: "अनुज्ञप्तीधारक, नोकरनाम्यात नमूद व्यक्तीखेरीज अन्य कोणत्याही व्यक्तीस मद्याची विक्री करण्यास मुभा देणार नाही." काकूने ती तीनदा वाचून घेतली आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. "म्हणजे दौलतभाऊलेच इकाची का दारू? नोकरनाम्यात तं त्याचंच नाव पहिलं आहे!" दौलतभाऊ म्हणजे काउंटरवर बसणारा आमचा जुना माणूस. मलाही हसू आलं. मग मी तिला सांगितलं की नोकरनामा म्हणजे उत्पादन शुल्क खात्याने मंजूर केलेली नोकरांची यादी. त्या यादीत ज्याचं नाव नाही त्याने काउंटरच्या आत उभं राहून बाटली विकायची नाही. एवढाच त्या वाक्याचा अर्थ. "असं लिहाले काय होते त्याइले?" ती म्हणाली.

मी एका दोनशेपानी वहीत एकेक अट आमच्या भाषेत उतरवून दिली. परवाना दुकानात दिसेल असा लावायचा. ठरलेल्या वेळेआधी शटर उघडायचं नाही, नंतर चालू ठेवायचं नाही. ड्राय डेला पूर्ण बंद. झिंगलेल्याला द्यायची नाही. एकवीस वर्षांच्या आतल्या माणसाला द्यायची नाही आणि कामावरही ठेवायचं नाही. बाटलीचं सील फोडून पाणी घालायचं नाही. आणि एक अट, जिच्याखाली मी लाल पेनने रेघ मारली होती: दुकानात कोणीही चूक केली तरी ती परवानेवाल्यानेच केली असं धरलं जाईल. काकूने त्या ओळीवर बोट ठेवलं. "म्हणजे माह्या पाठीमागं कोणी काही केलं, तरी मीच?"

"हो. तूच," मी म्हटलं. मला फार बरं वाटलं होतं ते सांगताना. घरात पहिल्यांदाच एक मोठं माणूस माझ्यासमोर मांडी घालून शिकत होतं.

आज माझं ऑफिस रामदासपेठेत आहे. वकिलीची सगळी वर्षं परवान्यांच्या कामात गेली. बारवाले येतात, वाईन शॉपवाले येतात, अटींचे कागद टेबलावर टाकतात आणि म्हणतात, मॅडम, सोप्या भाषेत सांगा. मी सांगते. लाल रेघेची अट मी सगळ्यांना सगळ्यात आधी सांगते.

काकू अटींप्रमाणे दुकान चालवायला लागली आणि वस्ती चकित झाली. काका आणि बाबांच्या काळात अटी कागदावर होत्या, दुकान वेगळंच चालायचं. ड्राय डेला मागच्या दाराने बाटल्या जात. काकूने मागच्या दाराला आतून कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला लावली. झिंगून आलेल्या माणसाला ती सरळ म्हणायची, "भाऊ, आज झाली तुमची. उद्या या." एकदा एकाने तिला घाण शिवी दिली. तिने काउंटरवरची फळी आडवी केली आणि तो गेल्यावरच उचलली. दौलतभाऊ मला म्हणाला, "तुही काकू वाघीण आहे वं. पण वाघिणीले घरातले लोक सोडत नसतात."

बाबांचं दुकानात जाणं हळूहळू बंद झालं. नोकरनाम्यात त्यांचं नाव होतं, पण काकूसमोर अटींप्रमाणे वागायचं म्हणजे त्यांना लाज वाटायची. ते दिवसभर घरात पेपर वाचत आणि संध्याकाळी चौकात जाऊन उभे राहत. आईचा आवाज चढत गेला. काकूच्या ताटात भाकरी आपटून पडायला लागली.

मला काकूचा राग यावा असं काही घडलं नव्हतं. जे घडलं ते इतकं लहान होतं की लिहिताना आजही लाज वाटते. एके दुपारी मी कॉलेजातून परत येताना दुकानात शिरले आणि सवयीने काउंटरची फळी उचलून आत जायला निघाले. चार गिऱ्हाइकं उभी होती. काकू म्हणाली, "बाहेरच थांब. तू एकवीसची नाही. अन् यादीत नाव नाही तुह्यं." ती गिऱ्हाइकं हसली. एक म्हणाला, "पुतणीले बी कायदा का, बाई?" काकू म्हणाली, "तिनंच शिकवला मले." तिने ते कौतुकानेच म्हटलं होतं. पण मला कानशिलात बसल्यासारखं झालं. माझंच शिकवलेलं माझ्यावर, चार दारुड्यांसमोर! घरी येऊन मी जेवले नाही. त्या रात्री काकूने माझ्यासाठी गोळाभात झाकून ठेवला होता. सकाळी मी तो मोलकरणीला दिला.

काही दिवसांनी बाबांनी मला वरच्या खोलीत बोलावलं. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. त्यांनी मला खुर्चीवर बसायला सांगितलं आणि स्वतः खाटेवर बसले.

"तू तं सगळे कागद वाचले ना गा, बेटा?" ते म्हणाले. त्यांनी मला मुलासारखं 'गा' म्हटलं आणि मी फुलले. "मले एक सांग. कोणती अट मोडली की परवाना जाते?"

मी सांगितलं. भराभर सांगितलं, जसं परीक्षेत सांगतात. काही अटींना दंड आहे, काहींना निलंबन, आणि आत यादीबाहेरचा, त्यात एकवीसच्या आतला माणूस विक्री करताना सापडला तर सरळ केस होते. आणि ती केस परवानेवाल्यावरच होते, करणारा कोणीही असो.

"करणाऱ्याले काही नाही होत?"

"नोकराला होऊ शकते. घरच्या पोरीला कोण काय करणार? समज देऊन सोडतील."

हे मी बोलले. बाबांच्या मनात तोपर्यंत काय होतं मला माहीत नाही, पण 'घरच्या पोरीला' हे शब्द माझे होते. बाबांनी उठून खोलीचं दार लावून घेतलं. मग म्हणाले, "दुकान आपलं आहे, शालू. तुह्या काकानं नाही, म्या उभं केलं. मी काही तिले उपाशी नाही ठेवणार. फक्त कागदावर माह्यं नाव पाह्यजे. तुले पुण्याले पाठवतो कायदा शिकाले. करशील?"

पुण्याचं आमिष होतं म्हणून मी केलं असं मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले. ते खरं नाही. पुण्याला मी कधी गेलेच नाही, नागपुरातच शिकले, आणि त्याचं मला काही वाटलंही नाही. मी केलं कारण बाबांनी मला खुर्चीवर बसवलं होतं. आणि त्या चार दारुड्यांच्या हसण्यामुळे.

तो दिवस उन्हाळ्यातला होता. दौलतभाऊ नात्यातल्या लग्नाला गेलेला, काकू एकटी दुकानात. बाबांनी खात्याकडे निनावी अर्ज टाकला होता की या दुकानात दुपारच्या वेळी घरची अल्पवयीन मुलगी विक्री करते, म्हणून कोणत्याही दुपारी तपासणी होऊ शकत होती. पण बाबांनी ते नशिबावर सोडलं नाही. त्या दुपारी खात्याची जीप चौकात आलेली त्यांनी पाहिली आणि घरी येऊन मला फक्त मान हलवून खूण केली. मी पन्नास पावलं धावले.

"काकू," मी म्हटलं, "मौद्याहून फोन आहे. एसटीडी बूथवर. तुझ्या आईला जास्त झालंय म्हणे."

काकूची आई खरंच आजारी होती. काकूच्या तोंडाचा रंग गेला. हातातली बाटली तिने जागेवर ठेवली, फळी उचलली आणि बाहेर आली. चपलासुद्धा घातल्या नाहीत. तशा अवस्थेत, डांबर पेटलेलं असताना, दोन पावलं जाऊन ती वळली. "शालू, शटर ओढ. आत नको जाऊ, बाहेरूनच ओढ, आली मी," असं म्हणाली आणि धावत सुटली.

मी शटर ओढलं नाही. फळी उचलून आत गेले. एक म्हातारा गिऱ्हाईक पायरीवर बसला होता, त्याला विचारलं, "काय पाहिजे काका?" तो म्हणाला, "पाव." मी क्वार्टरची बाटली काढली, त्याच्या हातात दिली, पैसे घेतले. माझा हात थरथरला असं लिहिलं तर वाचणाऱ्याला बरं वाटेल. पण नाही थरथरला. आत उभं राहून बाहेर पाहिलं तर गल्ली वेगळीच दिसते, उंचावरून, आणि तेवढं मला आवडलं हे आठवतं. जीप आली. निरीक्षक साहेब उतरले, त्यांनी माझं वय विचारलं, मी खरं सांगितलं. नाव नोकरनाम्यात आहे का विचारलं, नाही म्हटलं. ते पंचनामा लिहीत असताना काकू परत आली. एसटीडीवाला म्हणाला होता, मौद्याहून फोन आलाच नाही. तिने जीप पाहिली, साहेबांना पाहिलं, मग मला पाहिलं, काउंटरच्या आत. तिचे तळवे भाजले होते, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर होत होती. साहेबांनी तिला सही करायला सांगितली, तेव्हा तिने अख्खा पंचनामा शब्दन् शब्द वाचला आणि मग सही केली.

सुनावणी पावसाळ्यात झाली. आम्ही एकाच ऑटोने गेलो. बाबा पुढे ड्रायव्हरपाशी, मी आणि काकू मागे. वाटेत तिने फक्त एवढंच विचारलं, "तुह्या आईनं डबा दिला का? उशीर होईन." मी हो म्हटलं.

सुनावणी घेणारे साहेब वयस्क होते, घाईत नव्हते. त्यांनी काकूचं ऐकून घेतलं. काकू नीट बोलली, न रडता. "मी तिले शटर ओढाले सांगितलं होतं, साहेब. आत नको जाऊ असं बी म्हटलं. ही अट मले पाठ आहे. हिनंच शिकवली."

साहेबांनी चष्मा काढला आणि मला विचारलं, "खरं आहे का बेटा? काकूने तुला बंद करायला सांगितलं होतं?"

तिथे मी थांबू शकत होते. तोवर मी जे केलं होतं ते एक पोरकट चूक म्हणून खपलं असतं. बाबा भिंतीकडे पाहत होते, त्यांनी मला डोळ्याने खुणावलं नाही, खाकरले नाहीत, काही नाही. जे बोलले ते माझं मी बोलले.

"नाही साहेब. काकू म्हणाली, मी येईपर्यंत उभी राह, गिऱ्हाईक परत जायला नको. ती नेहमीच मला उभी करते."

"नेहमीच?"

"हो. कॉलेज सुटल्यावर."

काकूने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असता तर मी तो आयुष्यभर उलट फेकत राहिले असते. तिथे कुतूहल होतं. एखादं अक्षर वाचता येत नसलं की ती कागद जरा दूर धरून पाहायची, तसं तिने मला पाहिलं. साहेबांनी विचारलं, "बाई, तुम्हाला यावर काही सांगायचं आहे?" ती म्हणाली, "नाही. पोरगी म्हणते तसंच लिहा."

परवाना निलंबित झाला. पुढच्या वेळी रद्दच करू, असंही सुनावलं. दुकानाचं शटर बंद राहिलं आणि घरात आईने बाकीचं काम केलं. तिने काकूचा स्वयंपाक वेगळा काढला, मग स्वयंपाकघरात चुलीची वेळ ठरवून दिली, मग ती वेळही आमची कामं उरकली नाहीत म्हणून रोज पुढे ढकलायला लागली. काकू तिसऱ्या प्रहरी भात टाकायची. सणाच्या दिवशी पुरणाचा वास चारही खोल्यांत होता आणि तिच्या ताटात वरणभात. मी समोर बसून पोळी खाल्ली. मी तिला एक पोळी नेऊन देऊ शकत होते, आईने अडवलं नसतं. दिली नाही, कारण दिली असती तर तिच्याकडे पाहावं लागलं असतं. दौलतभाऊ एकदा तिला भेटायला आला, तर बाबांनी त्याला ओसरीवरूनच परत लावला: "विधवा बाईच्या खोलीत काय काम आहे तुह्यं?" हे वाक्य त्यांनी गल्लीला ऐकू जाईल असं म्हटलं. दौलतभाऊ पुन्हा आला नाही.

चार महिन्यांत काकू थकली. बाबांना भागीदार करून घ्यायच्या अर्जावर तिने सही केली, आणि पुढे स्वतःचं नाव कमी करायच्या अर्जावरही. दुसऱ्या कागदाच्या वेळी मी तिथेच होते. बाबा म्हणाले, "वाचून घे." काकू म्हणाली, "वाचून काय करू, भाऊजी?" आणि जिथे बोट दाखवलं तिथे सही केली. त्यानंतर दुकान सुरू झालं. तिला वाटलं होतं निदान काउंटरवर बसू देतील. पहिल्याच सकाळी ती फळीपाशी गेली, तर बाबा आतून म्हणाले, "बाहेर थांब, कमल. नोकरनाम्यात नाव नाही तुह्यं." गिऱ्हाइकं या वेळीही हसली. मी गल्लीत सायकल धरून उभी होते.

त्या आठवड्यात ती एक पेटी घेऊन गेली. माहेरी गेली नाही, तिची आई तोवर वारली होती आणि भावजयीच्या दारात तिला जायचं नव्हतं. बुटीबोरीला नवे कारखाने उभे राहत होते. तिथल्या एका सूतगिरणीच्या कँटीनमध्ये ती पोळ्या लाटायला लागली.

बाबांनी ते दुकान वीस वर्षं चालवलं, सुखाने चालवलं. त्यांना काही झालं नाही. त्यांनी मला शिकवलं, माझं लग्न थाटात केलं, आणि शेवटी झोपेतच गेले. आईलाही कधी पश्चात्ताप झालेला मी पाहिला नाही. वाईट केलं की वाईट होतं असं सांगणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, पण आमच्या घरात तसं झालं नाही.

कायद्याच्या पहिल्या वर्षाला असताना मी एकदा बुटीबोरीला गेले. काय बोलायचं ते बसमध्ये ठरवलं होतं. कामगारांच्या खोल्यांची एक लांब रांग होती, ओडिशा-बिहारकडची पोरं बाहेर कपडे धूत होती. त्यातल्या एकाने "मौसी, कोई आया है" अशी हाक मारली आणि काकू दारात आली. बारीक झाली होती, हाताला पिठाची पुटं होती. मला वाटलं ती दार लावेल, शिव्या देईल, रडेल. मी सगळ्याची तयारी करून आले होते.

तिने पदर सारखा केला. आत गेली, खुर्चीवरचे कपडे उचलले, खुर्ची फडक्याने पुसली. माठातलं पाणी तांब्यात घेऊन आली आणि पेला माझ्यासमोर ठेवला.

"या," ती म्हणाली. "बसा तुम्ही."

मी म्हटलं, "काकू, मी शालू."

"हो, ओळखलं ना. बसा. चहा घेता का तुम्ही?"